हललेला हात

तळघरातला आणखी एक दिवा गेला होता. मनीला ते वर बघून तपासावं लागलं नाही. पायऱ्या संपल्या तरी तिचा पाय अजून एक पायरी शोधत राहिला, आणि ती थेट मालकाच्या अंगावर जाऊन आदळली.

"पुन्हा कमी केलात?" कॅमेऱ्याची बॅग सावरत तिनं विचारलं.

"मी कशाला करू? मला काय अंधाराची हौस आहे?" मालक म्हणाला. वर त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि खाली ही गाण्याची खोली. "तुझ्या दादानं सांगितलं. डोळ्यांवर येतो म्हणे."

"मागच्या वेळी पण डोळ्यांवरच येत होता."

"मग त्यालाच विचार की. मला तर आता खुर्च्यासुद्धा चाचपडत मांडाव्या लागतात."

मनीचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं. पण तिला अंधारात दिसतं आणि चालताना तिचं पाऊल वाजत नाही, म्हणून दादाच्या मंडळींनी तिची मनी करून टाकली होती, आणि आता बँकेतली माणसं सोडली तर तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं. दिवसा ती एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका. दिवसभर न हसणारी माणसं बघून झाली, की संध्याकाळी या तळघरात यायचं आणि गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढायचे. हे आपलं खरं काम, असं ती म्हणायची. घरचे त्याला खूळ म्हणायचे, आणि दोघांचंही फारसं चुकत नव्हतं.

मंडळी चारच. मधोमध पुढं दादा, म्हणजे मनीचा थोरला भाऊ, व्हायोलिन घेऊन. लोक यायचे ते त्याच्यासाठी. त्याच्या एका बाजूला गायिकाबाई, दुसऱ्या बाजूला ड्रमवाला. आणि दादाच्या पाठीमागं, भिंतीला जवळजवळ टेकून, वहिनी. तीही व्हायोलिनच वाजवायची, पण दुसरं. दुसऱ्या व्हायोलिनचं काम पहिल्याला खालून आधार द्यायचं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं तर तेच चुकलं म्हणायचं. मनीचंही कधी गेलं नव्हतं. इतकी वर्षं फोटो काढून तिच्याकडे वहिनीचा एकही धड फोटो नव्हता. "तू बसतेस तिथं उजेडच नसतो," असं ती वहिनीला सांगायची, आणि ते खरंही होतं, म्हणून तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

फ्लॅश मारायची सोय नव्हती. दादाचा तो पहिल्यापासूनचा नियम. "डोळ्यांत वीज चमकली की सूर पळतो. एकदा जरी फ्लॅश मारलास तर मी तिथल्या तिथं व्हायोलिन खाली ठेवीन," असं त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता, त्यामुळे मनीनं फ्लॅश कधी बॅगेतसुद्धा ठेवला नाही.

आता फ्लॅश नाही आणि उजेड नाही, तर फोटो यायचा कसा? कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक दार. एरवी ते पापणी लवायच्या आत उघडतं आणि मिटतं. अंधार असला की ते जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, थोडाफार उजेड आत गोळा व्हावा म्हणून. पण तेवढ्या वेळात समोर जे जे हलतं ते फोटोत फरफटत येतं. ड्रमवाल्याच्या काड्यांचा धूर होतो, गायिकाबाईंना चार ओठ फुटतात, आणि फोटो काढणारीचाच हात हलला तर अख्ख्या खोलीचा चिखल. म्हणून मनी पाठ खांबाला लावायची, कोपरं बरगड्यांत रुतवायची आणि अर्धा श्वास सोडून उरलेला धरून ठेवायची. शिवाय एक युक्ती तिनं स्वतः शोधली होती. व्हायोलिनचा गज एका टोकाला पोचून परत फिरतो, तेव्हा फिरायच्या आधी तो अगदी एवढासा थांबतो. बरोबर त्या थांब्यावर बटण दाबायचं. त्या थांब्याची वाट बघत ती सबंध कार्यक्रम काढायची. नंतर कुणी विचारलं, "आज गाणं कसं झालं गं?" तर ती "छान" म्हणायची. खरं तर तिला काहीच ठाऊक नसायचं.

त्या संध्याकाळी तिनं खांबाला पाठ लावली, दादाला आणि मालकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले, आणि शटर आजवर कधी ठेवलं नव्हतं इतकं हळू ठेवलं. असल्या अंधारात एक जरी फोटो आला तरी पुष्कळ झालं.

घरी येऊन तिनं फोटो कॉम्प्युटरवर उघडले. ड्रमवाल्याचा धूर होताच. गायिकाबाई गायब, नुसता त्यांचा हार जागेवर. आणि मधोमध दादा. सरळ बसलेला, डोळे मिटलेले, गज लख्ख, आणि व्हायोलिनच्या मानेवरची डाव्या हाताची बोटं इतकी स्वच्छ की नखं दिसावीत. पुढचा फोटो, पुन्हा तसाच. त्याच्या पुढचाही.

मनी खुर्चीवरच उड्या मारायची बाकी राहिली. गेले काही महिने हे असंच चाललं होतं. दिवे कमी होत होते आणि तिचे फोटो सुधारत होते. जगात असं कुठं होतं? पण होत होतं खरं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीला फळ आलं, आपला हात आता दगडासारखा स्थिर झाला, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि असली गोष्ट स्वतःला एकदा सांगितली की ती माणसाला लगेच पटते.

जेवताना तिनं ते दादालाही पुन्हा एकदा ऐकवलं, गेले काही महिने दर कार्यक्रमानंतर ऐकवायची तसं. मनीचं लग्न झालं नव्हतं आणि दादा-वहिनीच्या घरातली मागची खोली तिची होती, त्यामुळे जेवण तिघांचं एकत्रच असायचं.

"तुम्ही लावा, नाहीतर सगळे दिवे घालवून बसा," ती शेखी मिरवत म्हणाली. "तू मला आता लख्खच सापडणार. बाकीचे हलतात, तू नाही. बोटन् बोट दिसतं. हात स्थिर लागतो त्याला."

दादाचा चमचा ताटात तसाच राहिला. त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठून पाणी आणायला गेली, भरलेला तांब्या ताटाशेजारी असताना.

"फारच दिसतात का?" दादानं विचारलं.

"नखं मोजून घे."

तो हसला, पण ते हसू काही धड नव्हतं. आपलं कौतुक ऐकून थोरल्या भावांना कानकोंडं होतंच, असं मनीनं धरलं आणि आणखी वाढून घेतलं.

पुढच्या कार्यक्रमाला अजून एक दिवा गेला.

त्याच सुमारास मालकानं तिला वर दुकानात बोलावलं. खोलीत उतरायच्या जिन्यापाशी एक मोठी पांढरी भिंत होती, आणि तिच्यावर स्वच्छ ट्यूबलाइट. "इथं एक फोटो लावायचाय," मालक म्हणाला. "सबंध भिंतीएवढा. तुझ्या दादाचा. खाली येणाऱ्या प्रत्येकानं आधी तो बघायचा. कोणता लावायचा ते तू ठरव. खाली तुझं नाव घालू."

ओळखपत्राच्या फोटोखाली कुणी कुणाचं नाव घालत नाही. तिचा एकही फोटो आजवर कुठल्या भिंतीवर लागला नव्हता, घरातल्यासुद्धा. तिनं तो शेवटचा, सगळ्यात अंधारातला फोटो दाखवला, आणि मालक बघतच राहिला.

"हाच," तो म्हणाला. "बोटं बघ. तारन् तार दिसतेय. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मोठा करून आण."

मनी स्टुडिओत गेली आणि नमुन्यासाठी त्यातला दादाच्या हातापुरता भाग भरपूर मोठा करून छापला. टेबलावर पसरला. भिंग लावून बघायला लागली, आणि तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

व्हायोलिनच्या गजाला राळ घासावी लागते. राळेशिवाय गजाचे केस तारेवरून नुसते घसरतात, आवाज निघत नाही. आणि राळ घासली की वाजवताना तिची पांढरी भुकटी तारांखाली लाकडावर पडते. दादाच्या व्हायोलिनवर ती कायमची असायची. वहिनी त्यावरून त्याला टोकायची, "वाद्य आहे की पिठाची गिरणी?" लहानपणी मनीनं त्या भुकटीत बोटानं रेघा ओढून त्याचा मार खाल्ला होता. फोटोत भुकटी नव्हती. तारांखालचं लाकूड जेवणाच्या टेबलासारखं पुसून घेतलेलं.

बरं, पुसलं असेल. पण मग तिनं त्या संध्याकाळचे बाकीचे फोटो शेजारी ठेवले. एका संथ गाण्यातला, एका धावत्या गाण्यातला, आणि शेवटच्या त्या गाण्यातला, ज्यात दादाची बोटं दिसतच नाहीत इतकी पळतात असं लोक म्हणायचे. तिन्हींत बोटं लख्ख. तिन्हींत त्याच जागी. जणू कुणीतरी ती तारांवर मांडून ठेवली होती.

मनीला काही सुधरेना. तिनं जुने फोटो काढले, दिवे भरपूर होते तेव्हाचे. त्यांत दादाचा गज स्थिर होता, कारण तो तिच्या युक्तीनं पकडलेला. पण बोटांच्या जागी नुसता एक पुसट पट्टा. तेव्हा उजेड जास्त, शटर जलद, तरी बोटं पुसट. आता उजेड कमी, शटर हळू, तरी बोटं स्वच्छ. हे उलटं कसं? तिचा हात स्थिर झाला असेल, शंभर वेळा झाला असेल, पण तिचा हात स्थिर झाल्यानं दादाची बोटं कशी थांबतील? हा प्रश्न आपल्याला इतके महिने कसा पडला नाही, याचंच तिला नवल वाटलं, आणि नवलापेक्षा लाज जास्त.

मग तिनं जे कुणीही करेल ते केलं. दोष कॅमेऱ्यावर ढकलला. स्टुडिओतला पंखा लावला आणि तेच शटर ठेवून त्याचा फोटो काढला. पाती दिसली नाहीत, नुसतं गोल धुकं आलं. नळ सोडून पाण्याचा काढला. पाण्याची दोरी झाली. पोराचा फोटो काढायला आलेल्या एका बाईंना त्या पोराला मुद्दाम हलू द्यायला सांगितलं, तर त्याला दोन डोकी आली आणि बाई रागावून दुसरीकडे गेल्या. कॅमेरा बिचारा ठणठणीत होता.

संध्याकाळी दादा खिडकीपाशी बसला होता. डावा हात खिशात. तो अलीकडे खिशातच असायचा. बटणांचे शर्टही त्यानं सोडले होते, डोक्यावरून घालायचे सदरे घ्यायला लागला होता. या वयात हे कसलं फॅशनचं वेड, म्हणून मनीनं त्याला मध्यंतरी चांगलं चिडवलंही होतं.

"दादा, तू राळ लावत नाहीस का हल्ली?"

त्यानं मान वळवायला जरा वेळ घेतला. "लावतो की. नवीन मिळते आता. भुकटी पडत नाही तिची."

"असं?"

"असंच. तुला कुणी सांगितलं राळेचं?"

"फोटोत दिसलं."

"तुझ्या फोटोत फारच दिसायला लागलंय," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र उघडलं. एका हातानं उघडलं, मांडीवर पसरून. मनीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. भुकटी न पडणारी राळ असते, असं मानायची तिची फार इच्छा होती. नव्या जमान्यात काय काय निघतं, राळही निघाली असेल. पण मग कार्यक्रमात व्हायोलिन वाजत होतं ते काय होतं? वाजत तर होतं. लोक टाळ्या वाजवत होते, "दादा, अजून एक" म्हणत होते. बोटं हलत नव्हती, गजाला राळ नव्हती, आणि गाणं मात्र होत होतं. याचा मेळ कुठं बसवायचा?

आणि भिंतीचं काय? त्या जिन्यावरून नुसते ऐकणारे उतरत नव्हते. शहरातले वाजवणारे झाडून सगळे कधी ना कधी उतरत होते. तिला जे भिंग लावून दिसलं ते त्यांना भिंतीएवढ्या फोटोत नुसत्या डोळ्यांनी दिसणार. एखादा खांद्यावर वाद्य अडकवून थांबेल, बोटं बघेल, लाकूड बघेल, आणि शेजारच्याला कोपर मारेल. मग दादाची आयुष्यभराची कमाई धुळीला. आणि खाली तिचं नाव.

मालक रोज फोन करत होता. "झाला का मोठा?" कागद संपलाय, शाई बिघडलीय, स्टुडिओत गर्दी आहे, अशा मनी थापा मारत होती. दुसरा एखादा फोटो देऊन टाकावा, जुना, पुसट बोटांचा? पण मालकाला हाच हवा होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही हाच हवा होता. तिच्या हातून इतका देखणा फोटो आधी निघाला नव्हता. दादाचं झाकायचं तर आपलं सर्वात चांगलं काम फाडायचं, आणि आपलं दाखवायचं तर दादाचं उघडं पाडायचं. त्यात नक्की काय झाकायचंय हेही तिला धड समजलं नव्हतं. तिला कधी दादाचा राग येई, कधी स्वतःचा, आणि मधूनच वाटे की हे सगळं आपल्याच डोक्यातलं खूळ आहे.

शेवटी तिनं वहिनीला गाठलं. वहिनी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती.

"वहिनी, दादाचं काय चाललंय?"

वहिनीचं फडकं थांबलं नाही. "काय चालायचंय?"

"त्याची बोटं हलत नाहीत. फोटोत. आणि गाणं तर होतं. मला काही कळत नाही, मला वेड लागायची पाळी आलीय."

"वन्सं," वहिनी म्हणाली. मनीची फिरकी घ्यायची असली की ती हा जुन्या वळणाचा शब्द काढायची, पण या वेळी आवाजात फिरकी नव्हती. "एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही तिथं येता. तुम्ही फोटोच काढता, की कधी ऐकता पण?"

वहिनीनं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि ती आत निघून गेली. तिच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना काळसर घट्टे पडले होते, ताजे. नेहमीपेक्षा खूप जास्त तारा दाबणाऱ्याला पडतात तसे. मनीला ते दिसले, पण त्यांचा अर्थ लावायची ताकद त्या क्षणी तिच्यात उरली नव्हती.

पुढच्या कार्यक्रमाला तळघरात एकच दिवा होता, गायिकाबाईंच्या डोक्यावर. तरी खोली भरलेली. मनीनं खांबाला पाठ लावली, कोपरं रुतवली, कॅमेरा डोळ्याला लावला. दादा दिसला. गज दिसला. गज टोकाला गेला, थांबला, तिचं बोट बटणावर आलं. आणि तिनं कॅमेरा खाली घेतला. त्या खोलीत गाणं सुरू असताना तिनं कॅमेरा खाली घेतल्याची ही पहिलीच वेळ होती.

तिनं डोळे मिटले. सुरुवातीला नुसता सगळ्यांचा मिळून एक आवाज होता. मग हळूहळू तो सुटा व्हायला लागला. हे ड्रम. ह्या गायिकाबाई. आणि हे व्हायोलिन. एक. तिनं दुसरं शोधलं. जुन्या दिवसांत खालून एक आवाज असायचा, तो आठवायचा प्रयत्न केला, आणि तिच्या लक्षात आलं की खाली काहीच नाही. व्हायोलिन एकच होतं. आणि ते जिथून येत होतं तिथं दादा नव्हता. ते त्याच्या पाठीमागून, भिंतीपासून येत होतं.

तिनं डोळे उघडले तेव्हा दादा तिच्याकडेच बघत होता.

कॅमेऱ्याशिवाय खांबाला टेकलेली मनी त्यानं कधी पाहिली नसणार. गज त्याच्या हातात चालत होता, वर, खाली, सगळा अचूक. मागं वहिनीचा गज जसा चालत असेल तसाच. मग त्यानं गज थांबवला. अगदी सावकाश तो मांडीवर ठेवला, त्यावर व्हायोलिन आडवं ठेवलं, आणि उजव्या हातानं आपला डावा हात उचलून वाद्यावर ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा.

व्हायोलिन वाजतच राहिलं.

खोलीत कुणी हललं नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही, आणि उघडे ठेवणाऱ्यांना अंधारात काही दिसलं नाही. बघत होती ती एकटी मनी. दादानं तिच्याकडे बघून हनुवटी जराशी हलवली. काढ.

तिला रडू येत होतं आणि रडताना हात स्थिर राहत नाही. तिनं पाठ खांबात रोवली, अर्धा श्वास सोडला, उरलेला धरला, आणि बटण दाबलं.

कार्यक्रम संपल्यावर दोघं वरच्या पायरीवर बसली. वहिनी खाली वाद्यं आवरत होती.

"कधीपासून?" मनीनं विचारलं.

"तुझा हात स्थिर झाला म्हणून तू सांगायला लागलीस ना, त्याच्या जरा आधीपासून." तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. "आधी करंगळी ऐकेना. मग तिच्या शेजारची. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं धरून चालू नका. मी म्हटलं थोडे दिवस ढकलू. ही म्हणाली, मी वाजवते, तू नुसता बस. दुसरं व्हायोलिन बंद झालं. कुणी विचारलंसुद्धा नाही गं त्याचं. त्याचं मला जास्त वाईट वाटलं."

"आणि दिवे?"

"ते तुझ्यामुळे. तुझ्या फोटोत मी एकटाच न हललेला दिसतो, असं तू म्हणालीस. मला वाटलं अंधार वाढवला की तुला कुणीच धड येणार नाही. सगळेच हललेले येतील, त्यांच्यात मीही हललेला दिसेन."

"अरे, अंधार वाढला की हलणारी माणसं जास्त हलतात. न हलणारा आणखीच उठून दिसतो."

"हे तू आधी सांगायचंस."

"तू आधी विचारायचंस."

आणि मग दोघंही हसायला लागली. मनीला हसता हसता हुंदका आला, आणि दादानं उजव्या हातानं तिच्या डोक्यावर टप्पल मारली, भुकटीत रेघा ओढल्या म्हणून मारली होती तशी.

सकाळी तिनं दोन्ही फोटो त्याच्यापुढं टेबलावर ठेवले. एक मालकाला आवडलेला, लख्ख बोटांचा, आणि एक कालचा. "तू सांगशील तो लागेल," ती म्हणाली. "नाहीतर कुठलाच नको. मी मालकाला सांगते कॅमेरा बिघडला." हे म्हणताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी जड गेलं.

दादानं कालचा उचलला. बराच वेळ जवळ धरून पाहिला. मग तो वहिनीकडे गेला, आणि आत दोघांचं काय बोलणं झालं ते मनीला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "हा. भिंतीएवढा."

मालक मात्र पुरता चक्रावला. फोटो भिंतीवर चढल्यावर तो मागं सरकून, मान तिरकी करून, पुन्हा पुढं येऊन बघायला लागला. फोटोत मधोमध दादा होता, मांडीवर व्हायोलिन, त्यावर ठेवलेला डावा हात, आणि सगळं इतकं स्वच्छ की सदऱ्याची वीण दिसावी. त्याच्या खांद्यामागं, अंधारात, एका बाईचा अर्धा चेहरा होता. आणि तिच्या डाव्या हाताच्या जागी नुसता एक पुसट, उजळ पट्टा.

"पण यात दादा वाजवतच नाहीये," मालक म्हणाला.

"नाहीच वाजवत," दादा म्हणाला.

"मग वाजवतंय कोण?"

दादानं फोटोतल्या त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मालकानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि तो खाली उतरला. थोड्या वेळानं तळघरातले दिवे लागायचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग बाकीचे सगळे.

वहिनी अजून भिंतीसमोर उभी होती. तिनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्या पुसट पट्ट्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"इतक्या वर्षांत माझा एक फोटो काढलात वन्सं," ती म्हणाली, "आणि तोही हललेला."

मनीनं वहिनीचा तो हात आपल्या हातात घेतला, आणि दोघी खाली खुर्च्या मांडायला गेल्या.